शून्य रुपयांचं तिकीट

पुणे
9 नोव्हेंबर 2025

ती. आई आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

रोज फोन होतो, तरी पत्र लिहायला बसलेय. बाबा, पैशाचा विषय निघाला की तुम्ही "बरं, बरं, ठेव आता" म्हणून फोन आईच्या हातात देता. कागद तसा देता येत नाही. आई, हे त्यांना वाचून दाखवू नकोस, त्यांचं त्यांना वाचू दे. चष्मा कपाटावरच्या डब्यात आहे.

दिवाळीत आले तेव्हा आईनं मला चुलीपाशी बोलावून सांगितलं की बाबा चार महिने गारगोटीला गेलेले नाहीत. भात कापणीला आलं तरी गेले नाहीत. गुडघ्याचं कारण सांगतात म्हणे. पण तेच गुडघे रोज सकाळी रंकाळ्याला अर्धा फेरा मारून येतात! मग खरं काय ते तिनं सांगितलं. जूनमध्ये गारगोटीच्या एसटीत कंडक्टरनं आधार कार्डावरचं वय बघून तुम्हाला शून्य रुपयांचं तिकीट दिलं. मागं उभा असलेला एक पोरगा मोठ्यानं म्हणाला, "ही फुकटी बसणार आन आम्ही पैसं भरून लोंबकाळायचं." कुणीच काही बोललं नाही. तुम्ही उठलात, जागा त्याला दिलीत आणि पार मुदाळ तिट्ट्यापर्यंत दांडी धरून उभे राहिलात. परत येताना कंडक्टर नको म्हणत असताना पूर्ण तिकीट काढलंत. त्यानंतर गाडीतच बसला नाहीत.

हे ऐकल्यापासून माझ्या पोटात कालवतंय. त्याचं एक कारण असं की तो पोरगा जे बोलला, तेच इथं जरा बऱ्या भाषेत रोज ऐकते. डबा खाताना कुणीतरी म्हणतं, आमच्या टॅक्सवर निम्मा देश बसून खातोय. मी मान खाली घालून भाजी वाढून घेते. "माझे बाबा त्या निम्म्यात धरलेत का?" एवढंसुद्धा मला कधी विचारता आलं नाही. तुमच्याशी बोलायच्या आधी हे कबूल करणं भाग होतं.

आता हिशोब सांगते, कारण माझी नोकरीच त्या हिशोबाची आहे. दर महिन्याला अडीचशे माणसांचा पीएफ मीच भरते. मालकाच्या बारा टक्क्यांतले 8.33 टक्के पेन्शन फंडात जातात, आणि तेही एका मर्यादेतल्या पगारावर. तुमच्या शेवटच्या वर्षांत ती मर्यादा 6,500 होती, म्हणजे महिन्याला 541 रुपये तुमच्या नावानं जात होते. हे पैसे मालक खिशातून दान म्हणून देत नाही. तो ते मजुरीच्या खर्चात धरतो. आमच्याकडे तर नेमणुकीच्या पत्रात वार्षिक पगाराच्या बेरजेतच हा आकडा मिळवलेला असतो. सरकार आपल्या तिजोरीतून घालतं ते 1.16 टक्के. फुकट म्हणायचंच असेल तर त्यात तेवढंच आहे, बाबा. बाकी सगळी तुमची शिरोलीतल्या फाउंड्रीची मजुरी, जी तेव्हा हातात न देता पुढच्यासाठी ठेवली गेली.

आणि किती मिळतात? 1995 च्या नोव्हेंबरात ही पेन्शन योजना आली, तुम्ही 2007 ला अठ्ठावन्न पूर्ण करून बाहेर पडलात. योजनेच्या सूत्रानं 6,500 गुणिले 12 वर्षं भागिले 70, झाले 1,114. आधीच्या एकवीस वर्षांचे म्हणून वर 426. एकूण 1,540. तेहेतीस वर्षं भट्टीसमोर उभं राहिल्याचे. ह्या पेन्शनला महागाई भत्ता नाही, त्यामुळे 2007 ला जे 1,540 होते ते आजही 1,540 च आहेत. तुम्ही मला एकदा हळूच विचारलं होतंत, "माझ्या माघारी हिला किती येतील?" तेव्हा मी बघून सांगते म्हणून टाळलं. निम्मे येतात, पण 2014 च्या सप्टेंबरपासून हजाराच्या खाली जाऊ देत नाहीत. म्हणजे हजार येतील. हे लिहिताना मला त्रास होतोय, पण तुम्ही विचारलं होतंत आणि उत्तर द्यायचं राहिलं होतं.

लोकांच्या डोक्यात मात्र पेन्शनर सगळे एकच. कोपऱ्यावरच्या बंगल्यातले निवृत्त गुरुजी आणि तुम्ही, दोघांनाही गल्ली "पेन्शनवाले" म्हणते. त्यांच्या पेन्शनला वर्षातून दोनदा महागाई भत्ता वाढतो. त्यांचं ते रास्तच आहे, त्यांनी तीस वर्षं पोरं शिकवली. पण 2023 च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचाऱ्यांचा संप झाला तेव्हा कट्ट्यावर सगळ्या म्हाताऱ्यांचा मिळून उद्धार चालला होता आणि तुम्ही गुपचूप उठून घरी आलात. त्या भांडणाशी तुमचा काडीचा संबंध नव्हता. सरकारी नोकरीची जुनी पेन्शन तुम्हाला कधी लागूच नव्हती. तुमच्यासारख्यांनी साडेसात हजारांची मागणी घेऊन कलेक्टर कचेरीसमोर ठिय्या दिला तेव्हाही जाणारे-येणारे गाडी हळू करून बघायचे आणि पुढं जायचे, असं तुम्हीच सांगितलं होतं.

17 डिसेंबर 1982 ला सुप्रीम कोर्टानं डी. एस. नकारा नावाच्या पेन्शनरच्या खटल्यात सांगितलं की पेन्शन हे बक्षीस नाही, मालकाच्या मर्जीवर मिळणारी मेहरबानीही नाही, केलेल्या सेवेचा तो हक्क आहे. खटला केंद्र सरकारच्या नोकरांचा होता, मान्य. पण त्या बेंचवर सरन्यायाधीश म्हणून आपले यशवंतराव चंद्रचूड होते आणि पेन्शनर लोक अजून 17 डिसेंबर हा दिवस पाळतात. चाळीस वर्षांपेक्षा जास्त काळ झाला, तरी गारगोटीच्या गाडीपर्यंत तो निकाल पोचलेला नाही.

हयातीच्या दाखल्याचं आठवतंय? आधी तुम्ही दर नोव्हेंबरला बँकेत जायचात. त्या यंत्रावर अंगठा ठेवायचा आणि ते लाल व्हायचं. पुन्हा ठेवा, पुसून ठेवा, डावा ठेवा. काउंटरवरची मुलगी वैतागून म्हणाली होती, "आजोबा, नीट ठेवा की." यंदा दिवाळीत मी मोबाईलवर तुमचा चेहरा दाखवून ते काम केलं, आणि त्याआधी सहज तुमचा अंगठा हातात घेऊन बघितला. त्यावर रेषाच नाहीत. तापलेली वाळू तेहेतीस वर्षं साच्यात दाबून दाबून कातडी देवळातल्या पायरीसारखी गुळगुळीत झालीय. तर्जनीच्या बाजूला धातूचा रस उडून पडलेला तो पांढरा डाग तेवढा ठसठशीत आहे. तुम्ही जिवंत आहात हे सिद्ध करायला ज्या रेषा लागतात, त्या कामातच झिजून गेल्या. त्या पोराला हे माहीत असायचं कारण नाही. पण मला माहीत होतं, आणि मी डब्याच्या टेबलावर गप्प बसले.

आता जे लिहिणार आहे ते जड आहे. रागावू नका, आणि रागावलात तरी पुढं वाचा.

पाडव्याला शेजारच्या आक्का फराळाचं ताट घेऊन आल्या. त्या गेल्यावर तुम्ही म्हणालात, "हिचं बरं हाय, सरकार बसून खायला घालतंय." त्या गेल्या नव्हत्या, बाबा. उंबऱ्याशी चप्पल घालत होत्या. चपलेच्या पट्ट्यावर त्यांचा हात थांबलेला मी बघितला. मग त्या काही न बोलता जिना उतरल्या.

तुमचं दुखणं मला कळतं. तुमचे 1,540 आणि आक्कांचे श्रावणबाळ ह्या सरकारच्या म्हाताऱ्यांसाठीच्या योजनेचे 1,500. तेहेतीस वर्षांच्या नोकरीची किंमत चाळीस रुपये जास्त! आणि लाडक्या बहिणींनाही पंधराशेच. माणूस चिडेल नाही तर काय? पण चिडायचं ते 1,540 वर. आक्कांचे 1,500 खाली आले म्हणून तुमचे वर जाणार नाहीत. आक्कांनी चाळीस वर्षं कपिलतीर्थ मंडईत माळव्याची पाटी लावली. पहाटे चारला लिलाव, मग दिवसभर उन्हात, संध्याकाळी उरलेली मेथी आपल्याकडं. त्यांना मालक नव्हता म्हणून पीएफ नव्हता. पगारपत्रक नव्हतं म्हणून 8.33 टक्के नव्हते. त्यांचं काम कुठल्याच वहीत लिहिलं गेलं नाही, पण ते झालं नाही असं तुम्ही तरी म्हणू नका. तुम्हीच दुसऱ्या पाळीवरून येताना त्यांची पाटी डोक्यावरून उतरवून द्यायचात.

आणि ते पंधराशे मिळवायला काय लागतं ते बघा. वय पासष्टच्या पुढं आणि वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत, म्हणजे महिन्याला साडेसतराशेसुद्धा नाही. त्यासाठी तलाठ्याकडं, तहसील कचेरीत खेटे. 2019 पर्यंत सहाशे होते, मग हजार, 2023 पासून पंधराशे. केंद्राची म्हातारपणाची जी पेन्शन आहे तिच्यात दिल्लीचा वाटा 2007 पासून महिना दोनशे रुपयेच आहे, ऐंशी ओलांडली तर पाचशे. ह्याला बसून खाणं म्हणायचं?

टॅक्स तर आक्काही भरतात. साबण, चहापूड, गुडघ्याचं मलम, कशावर जीएसटी नाही? फक्त त्यांच्या नावाची पावती निघत नाही, आणि माझी निघते.

तुम्ही दोघं हरिप्रियानं तिरुपतीला गेला होतात त्या तिकिटांची मला परवा आठवण झाली. आईनं ती पोथीत ठेवलीत. आईला पन्नास टक्के सवलत होती, तुम्हाला चाळीस. तिकिटावर रेल्वेनं छापलं होतं की तुमच्या भाड्याचे 43 टक्के देशातले सामान्य नागरिक सोसतात. तुम्ही ते वाचून दाखवलंत आणि म्हणालात, "म्हणजे आपण सामान्य नागरिक न्हवं?" 2020 च्या मार्चमध्ये ती सवलतच काढून टाकली, अजून परत आलेली नाही. सरकारनंच तिकिटावर असं छापल्यावर गाडीतल्या पोरानं बोलायला काय शिल्लक राहतं.

आणि एक बघा. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. मी पगारदार बाई, पुण्याहून अर्ध्या तिकिटात येते, आणि आजवर मला कुणी फुकटी म्हटलेलं नाही. त्या पोराची आईही तशीच येत असेल. मग तुम्हालाच का? म्हातारं माणूस उलटून बोलत नाही म्हणून. तुमच्या तिकिटाचे पैसे राज्य सरकार एसटीला भरून देतं, त्यासाठीच कंडक्टर ते शून्याचं तिकीट काढतो. तुम्ही कुणाची जागा चोरलेली नाही.

त्या पोराचाही मी विचार केलाय. आमच्याकडं त्याच्या वयाची मुलं अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर येतात. पेन्शन हा शब्द त्यांना म्हाताऱ्यांचा वाटतो, कारण आपल्याला ती मिळेल असं त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. तो घामेजून उभा होता आणि समोर एक म्हातारा माणूस शून्य रुपये देऊन बसला होता, त्याला तेवढंच दिसलं. मला त्याचा राग येतो, पण पुरता येत नाही. त्याच्या वाट्याचं ज्यांनी काढून घेतलं ते त्या गाडीत नव्हते.

ज्या गावात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्या गावात आपण "फुकट" ही शिवी कधीपासून करून टाकली? तुमचे आजोबा त्या मोफत शाळेत चार यत्ता शिकले, म्हणून घरात पहिल्यांदा सही आली, हे तुम्हीच मला पाटी पुसताना सांगायचात.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येतेय. रविवारी आपण तिघं गारगोटीला जाऊ. आईचं अर्धं, माझं अर्धं, तुमचं शून्याचं, आणि तुम्ही खिडकीपाशी बसायचं. कुणी काही बोललं तर मी बोलेन, ह्या वेळी गप्प बसणार नाही. आई, भाकरी आणि ठेचा बांधून घे, तिथं हॉटेलात नको.

आक्कांचा हयातीचा दाखलाही ह्या खेपेला बघायचाय. तहसीलला जावं लागलं तर सोमवारी रजा टाकून मी त्यांना घेऊन जाईन. त्यांनी आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि दोन फोटो काढून ठेवावेत. हा निरोप आईनं द्यायचा नाही. बाबा, तुम्ही स्वतः जिना उतरून जा आणि सांगा.

तुमची,
धाकटी