जेटीवर मोजलेल्या मासळीचे आकडे जेटीवर परत येऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुहागरच्या किनाऱ्यावर २०२५ च्या जानेवारीत अंडी घालायला आलेल्या ऑलिव्ह रिडले कासविणीची बातमी आपल्या वाचकांना आठवत असेल. तिच्या वल्ह्याला, म्हणजे वल्ह्यासारख्या पायाला, धातूची पट्टी होती आणि पट्टीवर क्रमांक होता ०३२३३. ती पट्टी भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बसवलेली निघाली. म्हणजे देशाच्या त्या अंगाची कासवीण सुमारे साडेतीन हजार किलोमीटर पोहून आमच्या अंगणात आली. हर्णै बंदरावर त्या आठवड्यात सुरमईच्या भावापेक्षा तिचीच चर्चा जास्त होती. लिलाव संपल्यावर चार खलाशी एका मोबाइलवर डोकी घालून नकाशा बघत होते. एकाने मला हाक मारून विचारले, "मास्तर, श्रीलंकेच्या आतून आली असंल की बाहेरून?" मी एकतीस वर्षे भूगोल शिकवला. वर्गात इतका चांगला प्रश्न मला कोणी विचारल्याचे आठवत नाही.

पश्चिम किनाऱ्याची कासवे वेगळी आणि पूर्वेची वेगळी, असा समज बरीच वर्षे होता. त्याला पहिला धक्का दिला तो 'बागेश्री'ने. २०२३ मध्ये गुहागरलाच तिच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसवले होते. ती श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात गेली. त्यानंतर ०३२३३ ही उलट्या दिशेने आली. दोन कासवांवरून सिद्धान्त मांडता येत नाही हे खरे, पण दोन्ही समुद्रांत ये-जा आहे एवढे तरी पक्के झाले.

हे संशोधन आमच्यापर्यंत पोचले, कारण त्यात आमची माणसे होती. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि पुढे गावोगावचे तरुण कासवमित्र झाले. पहाटे किनारा पालथा घालायचा, अंडी कुंपणात हलवायची, पिल्ले निघेपर्यंत राखण करायची, हे सगळे तेच करतात. वाळू जास्त तापली की अंड्यांतून माद्या जास्त निघतात, हे आज आमच्याकडचा दहावी नापास मुलगाही पर्यटकांना समजावून सांगतो. कासवांना 'प्रथमा', 'सावनी', 'रेवा' अशी नावे दिली, त्याचाही उपयोग झालाच. नाव असले की माणूस चौकशी करतो.

आता माझी तक्रार. कासवाचे आम्हाला इतके कळते, मग ज्यावर आमची चूल पेटते त्या मासळीचे का कळत नाही?

बंदरावर मोजणीवाले येतात. कोणत्या होडीत काय, किती, केवढे, हे विचारून लिहून घेतात. माझा पुतण्या त्यांना इमानेइतबारे सगळे सांगतो. गेल्या वर्षी त्याने मला विचारले, "काका, ह्यांनी एवढं लिवून न्हेलं, त्याचं पुढं काय झालं?" मी एका कार्यालयात जाऊन चौकशी केली. तिथल्या गृहस्थांनी सौजन्याने एक जाडजूड अहवाल दाखवला. सगळा इंग्रजीत. पुतण्याला काय सांगायचे?

वास्तविक त्या मोजणीतूनच मोठ्या गोष्टी कळतात. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये महाराष्ट्रात अवघी २.०१ लाख टन मासळी किनाऱ्याला लागली, पंचेचाळीस वर्षांतली सर्वांत कमी. त्या वर्षी क्यार आणि महा या वादळांनी ऐन हंगामात होड्या बंदरात बांधून ठेवल्या होत्या, हे आम्ही भोगलेले आहे. पण आपल्या रिकाम्या जाळ्यामागे अख्ख्या राज्याचा एक आकडा आहे, हे बंदरावर किती जणांना ठाऊक होते?

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढली. आदल्याच वर्षी, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळाने श्रीवर्धनजवळ किनारा गाठला. त्यात आमच्या दापोली तालुक्यातल्या माडा-पोफळींच्या बागा कशा आडव्या झाल्या ते लिहीत बसत नाही. तो विषय निघाला की माझे पत्र लांबते.

मला जास्त बोलायचे आहे ते तळाच्या पाण्याबद्दल. अरबी समुद्रात साधारण दीडशे-दोनशे मीटरपासून हजार मीटर खोलीपर्यंत प्राणवायू जवळजवळ नसलेला पाण्याचा थर आहे. पावसाळ्यात त्याच्या वरच्या अंगाचे, प्राणवायू कमी असलेले थंड पाणी उथळ तळावर चढून किनाऱ्याकडे सरकते. वर पावसाचे आणि नद्यांचे गोडे पाणी पसरलेले असते, म्हणजे झाकणच बसते. वरची हवा खाली मिसळत नाही आणि वरून पडणारे सूक्ष्म शेवाळ कुजताना उरलासुरला प्राणवायूही खाऊन टाकते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ कांदोळीसमोरच्या समुद्रात १९९७ पासून याची सलग नोंद ठेवत आले आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरात हे सगळ्यांत वाईट असते, म्हणजे पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठून होड्या पाण्यात गेल्यावर लगेचच.

माझे वडील तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते. गणपतीनंतरच्या दिवसांत कधी कधी जाळे ओढल्यावर त्यातली मेलेली खेकडी बघून ते म्हणायचे, "पाणी मेलंय, आज खोलात नको." आम्हाला तो त्यांचा काहीतरी देवभोळेपणा वाटे. तो शब्द किती नेमका होता हे मला वयाच्या साठीत एका व्याख्यानात कळले! आणि हे व्याख्यान बंदरापासून चार तास लांबच्या सभागृहात होते. श्रोत्यांत जाळे टाकणारा एकही माणूस नव्हता.

सगळाच अंधार आहे असे नाही. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राकडून समुद्राचे तापमान आणि शेवाळाचा रंग उपग्रहावरून पाहून मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे ते मराठीत कळवले जाते. पुतण्या तो संदेश बघूनच निघतो. पण गंमत अशी की मासळी कुठे आहे ते सांगायची सोय झाली, ती कमी का झाली ते सांगायची नाही. याने डिझेल जाळून माणसे अधिक खोल जातात, एवढेच होते.

माझे मागणे साधे आहे. प्रत्येक मोठ्या जेटीवर बर्फाच्या कारखान्याशेजारी एक फळा लावावा. त्यावर वर्षातून एकदा, नारळी पौर्णिमेच्या आधी, मराठीत लिहावे : गेल्या वर्षी या बंदरात बांगडा किती, म्हाकूल किती, कोळंबी किती, दहा वर्षांपूर्वी किती होती. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी हे काम घेतले तर त्यांचाही अभ्यास होईल. खलाशांत नेपाळी मुले पुष्कळ असतात, तेव्हा खाली हिंदीतही दोन ओळी असाव्यात. आणि आपल्या दैनिकाने हवामानाच्या चौकटीशेजारी हंगामात आठवड्याला चार ओळी समुद्रासाठी द्याव्यात. मटका-लॉटरीच्या जाहिरातींना जागा होते तिथे एवढी होईल.

ता. क. : खलाशाच्या त्या प्रश्नाचे उत्तर मला अजून देता आलेले नाही. बागेश्रीच्या पाठीवर यंत्र होते, म्हणून तिची वाट कळली. ०३२३३ च्या वल्ह्यावर नुसती पट्टी होती. ती निघाली कुठून आणि पोचली कुठे एवढेच पट्टी सांगते. मी त्याला तसे सांगितले, तर म्हणाला, "मंग पुढच्या येळेला यंत्र बसवा म्हणावं."

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी