मावशी, सुट्टीचा रोज दिला

प्रिय मावशी,
सप्रेम सलाम.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, जेवलात का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. तुमचं नाव घालत नाही, नाहीतर पुढच्या गुरुवारी शास्त्रपाठाला मला मागच्या बाकावर बसवाल. पण तुम्ही शरणपूरच्या त्या खोलीत आम्हा बायकांना शब्बाथाबद्दल, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या दिवसाबद्दल, जे सांगितलंत, ते ज्याच्या हाताखाली एक जरी माणूस राबतो अशा प्रत्येक ख्रिस्ती घरानं ऐकावं, असं मला वाटतं.

सुरुवात माझ्या प्रश्नानं झाली होती. "आम्ही रविवारी उपासनेला येतो, तेव्हा गिरणाऱ्याच्या आमच्या द्राक्षबागेत पेठ-सुरगाण्याची मजुरांची टोळी थिनिंग करत असते, घडातले मणी विरळ करत असते. मग रविवार नक्की कोण पाळतं?" तुम्ही उत्तर दिलं नाहीत. बायबलात दोन ठिकाणी उघडायला लावलंत, निर्गम २० आणि अनुवाद ५. शब्बाथ पाळण्याची आज्ञा एकच, पण कारणं दोन. निर्गमात देवानं सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून. अनुवादात मात्र, तू मिसर देशात दास होतास आणि देवानं तुला तिथून सोडवलं, याची आठवण ठेव, म्हणून. आणि तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, हे तिथं स्पष्ट लिहिलेलं. लहानपणी संडेस्कूलमध्ये आम्ही पहिलं कारण घोकून पाठ केलं होतं. दुसऱ्यापाशी कुणी थांबवल्याचं मला आठवत नाही.

मग तुम्ही खिडकीबाहेर हात केलात. "मिसर लांब नाही गं. ह्याच शरणपुरात दास होऊन गेलेली मुलं शिकली." अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीच्या इथल्या आश्रमात आणली गेली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली, शास्त्र वाचू लागली. त्यांतलाच जेकब वेनराइट पुढे मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनचं शव आफ्रिकेतून समुद्रापर्यंत आणणाऱ्यांत होता आणि त्यासोबत इंग्लंडपर्यंत गेला. १८७४ च्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनविधी झाला, तेव्हा तो तिथं हजर होता. मी नाशिकची सून होऊन इतकी वर्षं झाली, त्या रस्त्यानं हजारदा गेले असेन, पण हे मला तुमच्याकडून कळलं. ज्याच्या दिवसावर दुसऱ्याची मालकी होती, त्याला स्वतःचा एक दिवस म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

त्याच दिवशी आमच्यातल्या एकीनं आज्ञेतली यादी बोटांवर मोजली. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, वेशीच्या आतला परका. "मावशी, बायको कुठंय?" सगळ्या हसल्या. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "ती 'तू' मध्ये आली. तिला विसावा द्यायचा नाहीये, तिनं तो घ्यायचाय." आमच्या घरी याचा परिणाम लगेच दिसला. आता शनिवारी रात्री दुधात कणीक मळून दशम्या करून ठेवते, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि दही. रविवारी गॅस पेटतो तो फक्त चहाला. पहिल्या रविवारी माझे सासरे, आबा, ताटाकडे बघून म्हणाले, "प्रवासाला निघालोय का आपण?" आता तेच शनिवारी आठवण करतात.

पण खरं सोडवणं कठीण होतं ते मजुरांचं. टोळी रोजावर. काम नाही तर पैसा नाही. आबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, की सुट्टी दिली तर तेच म्हणतील आमचा रोज बुडवला. तेव्हा तुम्ही घरी आलात, ओसरीवर बसलात आणि आबांना मान्नाची, रानात देवानं इस्राएलांना रोज दिलेल्या अन्नाची, गोष्ट सांगितलीत. त्यांनी ती आयुष्यभर ऐकलेली. तरी तुम्ही विचारलंत, "सहाव्या दिवशी किती मिळायचा?" दुप्पट. "म्हणजे देवानं सातव्या दिवसाचा रोज आदल्या दिवशीच दिला. बिनपगारी सुट्टीला शब्बाथ कसं म्हणायचं?" आबा बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

आमचे हे अभ्यासू. त्यांनी कुठूनतरी शोधून आणलं, की सम्राट कॉन्स्टंटाइननं ३२१ साली रविवारी न्यायाधीशांना, शहरातल्या लोकांना आणि कारागिरांना काम बंद ठेवायला सांगितलं, पण शेतकऱ्याला मोकळीक दिली, कारण पेरणीची आणि द्राक्षवेली लावायची वेळ चुकू नये. "बघा मावशी, खुद्द सम्राटानं द्राक्षवाल्याला सूट दिलीय!" तुम्ही शांतपणे निर्गम ३४:२१ काढून दिलंत, नांगरणीच्या आणि कापणीच्या हंगामातही सातव्या दिवशी विसावा घे. सम्राट आणि मोशे यांच्यात कुणाचं ऐकायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, एवढंच म्हणालात. त्यावर यांच्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते फार कमी वेळा घडतं.

शनिवार की रविवार, या वादात तुम्ही आम्हाला फार वेळ घालवू दिला नाहीत. आमच्या शेजारचं, शनिवार पाळणारं ॲडव्हेंटिस्ट ख्रिस्ती कुटुंब शुक्रवारी सूर्य मावळला की दुकान बंद करतं, त्यांच्याबद्दल तुम्ही आदरानंच बोलता. कोकणातले बेने इस्राएल ज्यू तर शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून गावानं त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. देवळं, पुस्तकं फारशी हाताशी नसताना पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी तो एक दिवस सोडला नाही. आपण प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवारी जमतो. कुणी एक दिवस मोठा मानतो, कुणी सगळे सारखे मानतो, हे पौलानं रोमकरांना लिहिलेलंच आहे. आणि इब्रीकरांस पत्रातला विसावा तर कॅलेंडरात मावतच नाही.

माझ्या मनात मात्र तुम्ही सांगितलेले नारायण मेघाजी लोखंडे जास्त राहिले. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी नव्हती. या सत्यशोधकानं वर्षानुवर्षं लढून १० जून १८९० ला गिरणीमालकांकडून रविवार मिळवला. रविवार आपल्या खंडोबाचा वार, हेही त्या मागणीत होतं. म्हणजे आपल्याकडच्या कामगारानं रविवार मागितला तो चर्चला जायला नव्हे. हे ऐकून मंडळीतल्या एकदोघांना जरा वाईट वाटलं, मला उलट बरं वाटलं.

कारण आमच्या टोळीचंही तसंच आहे. ही माणसं वाघबारसेला वाघदेवाला नैवेद्य दाखवणारी. उपासनेला बोलवावं का त्यांना, असं आमच्या पाळकांनी सहज विचारलं, तर तुम्ही ठाम होतात. आज्ञेत परक्याला विसावा आहे, त्यासाठी कसलीही अट नाही, सुट्टी हे आमिष करू नका. मग मुकादमानंच विचारलं, रविवारऐवजी बाजाराच्या दिवशी दिली तर चालेल का? आबांनी तुमच्याकडे बघितलं. "शब्बाथ माणसासाठी झाला," तुम्ही म्हणालात, "द्या त्या दिवशी."

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी टोळीला भरपगारी सुट्टी आहे. खर्च वाढला, हे लपवत नाही. शेजारच्या बागायतदारांनी आम्हाला वेड्यात काढलं आणि "रोज चढवून ठेवताय" म्हणून बोलही लावला. रविवारी आम्ही बागेत पाऊल टाकत नाही, पण टोळी त्या दिवशी कामावर असते, हे मला अजूनही थोडं टोचतं. तुम्हालाही टोचत असावं, कारण त्यावर तुम्ही गप्प बसता. शेडमध्ये राहणाऱ्या टोळीतल्या बायका सुट्टीच्या दिवशी डोक्यावरून नाहतात, पोरांच्या उवा काढतात, एक जण दुपारभर नुसती झोपते. तिला कुणी उठवत नाही.

एक भांडण मात्र तुमचं नि यांचं मिटलेलं नाही. अवकाळी पाऊस झाला, वेलीवर डावणी रोगाची भीती आली, तर रविवारी फवारणी करायची का? विहिरीत पडलेला बैल शब्बाथ दिवशी काढावा हे प्रभूनंच सांगितलंय, असं हे म्हणतात. तुम्ही फवारणी मान्य केलीत, पण "व्यापारी दारात आला म्हणून माल उतरवायचा, तो काही विहिरीतला बैल नव्हे" हेही सुनावलंत. हे म्हणतात, व्यापारी परत गेला की भाव पडतो, मग तो बैलच. आता ऑक्टोबर छाटणीला तुम्ही बागेत याल तेव्हा दोघांनी काय ते ठरवा. दशम्या मी करून आणीन.

तुमची,
गिरणाऱ्याची सून