उधाणाच्या दिवशीची गर्दी

महोदय,

किनाऱ्यावरील गावांचे उत्सव पुष्कळदा पौर्णिमेला येतात आणि समुद्राला उधाणही अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारासच येते, त्यामुळे मोठी गर्दी आणि मोठी भरती एकाच दिवशी येण्याची शक्यता असते, याची अनेक पर्यटकांना कल्पना नसते. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जात असल्याने कालच्या अंदाजावर विसंबून ओल्या वाळूत गाडी उभी करणे धोक्याचे आहे. शिवाय वाळूवर पसरलेली जाळी म्हणजे मोकळी जागा नव्हे. चाकाखाली तुटलेली वीण पुन्हा सांधताना मच्छीमाराचा समुद्रावर जाण्याचा दिवस बुडतो, हे मला फार खटकते. भरती-ओहोटीचे वेळापत्रक वाहनतळावर आणि किनाऱ्याच्या वाटेवर ठळकपणे लावावे, अशी संबंधितांना कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक