नूतनीकरणाआधी परत केलेली जमीन दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोळसा खाणीला पहिल्यांदा परवाना मिळतो तेव्हा मोर्चे निघतात, सुनावण्या गाजतात. त्याच परवान्याची मुदत संपून नूतनीकरणाची वेळ येते, तेव्हा कोणी फिरकत नाही. खाण चालूच आहे, मुदत तेवढी वाढवायची, असे धरून फाइल पुढे जाते. माझ्या मते खरी तपासणी व्हायला हवी ती याच वेळी. पहिल्या अर्जासोबतचा पुनर्स्थापना आराखडा, म्हणजे खणलेली जमीन पुन्हा पूर्ववत करण्याची योजना, हा नुसता शब्द असतो. नूतनीकरणाच्या वेळी तो शब्द पाळला की नाही, हे जमिनीवर जाऊन पाहता येते.

नोकरीत मी बरीच वर्षे मातीचे नमुने घेत हिंडलो. एका उघड्या खाणीत आम्हाला ‘सुपीक मातीचा साठा’ अशी पाटी लावलेला ढीग दाखवण्यात आला. वर हिरवेगार गवत होते. हातभर खणल्यावर मुरूम निघाला, दगडाचे तुकडे निघाले, कोळशाची भुकटी निघाली. एक गांडूळ दिसले नाही की एक जुने मूळ. वरची माती आणि तिच्याखालचा ओबी, म्हणजे कोळशावरचा सगळा खडक-मुरूम, एकत्रच आणून ओतला होता. कागदावर मात्र ‘माती जतन केली’ अशी नोंद होती. तो ढीग मी आजही विसरलेलो नाही.

वरचा वीतभर थर तयार व्हायला शेकडो वर्षे जातात. बी, बुरशी, जीवाणू सगळे त्यातच असते. तो थर आधी वेगळा काढावा लागतो, वेगळा ठेवावा लागतो आणि भरलेल्या खड्ड्यावर होईल तितक्या लवकर परत पसरावा लागतो. ढीग उंच आणि जुना झाला की आत हवा पोचत नाही आणि माती मरत जाते. म्हणून तपासणाऱ्याने एकच हिशेब मागावा: किती घनमीटर माती काढली, कधी काढली आणि त्यातली किती, कुठे पसरली? ओबीवर लावलेल्या रोपांच्या आकड्यांवर समाधान मानू नये. रोपे लावणे सोपे असते. तीन पावसाळ्यांनंतर त्यातली किती उभी आहेत ते मोजावे.

पाण्याचेही तसेच. खडकात पायराइट (लोह आणि गंधकाचे खनिज) असेल तर हवा-पाण्याशी गाठ पडताच आम्ल तयार होते आणि ओढ्याच्या दगडांवर नारिंगी थर चढतो. खाण बंद झाली म्हणून हे थांबत नाही. आणि ढिगाऱ्यांच्या उताराबद्दल वेगळे काय सांगावे? वेल्समधल्या अ‍ॅबरफॅन गावावर १९६६ मध्ये कोळसा खाणीचा ढिगारा घसरला आणि १४४ माणसे गेली. त्यांत ११६ मुले होती. तो ढिगारा झऱ्यांवर रचलेला होता.

पैशाचा मुद्दा सर्वांत नाजूक. अमेरिकेच्या १९७७ च्या कोळसा खाणकाम कायद्यात परवाना साधारण ५ वर्षांचा असतो आणि पुनर्स्थापनेची हमी रक्कम आधीच द्यावी लागते. ती टप्प्याटप्प्याने सुटते. शेवटचा टप्पा झाडोरा काही वर्षे टिकून दाखवल्यावरच. आपल्याकडेही कोळसा मंत्रालयाच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी एस्क्रो खात्याची, म्हणजे खाण बंद करण्याच्या खर्चाचे पैसे त्रयस्थाकडे बांधून ठेवण्याची, अट घातली. पण त्याच अमेरिकी कायद्यात नूतनीकरण हा परवानाधारकाचा हक्क मानला आहे आणि ते नको म्हणणाऱ्यानेच पुरावा द्यायचा आहे. हे मला पटत नाही. मातीच्या नोंदी, पाण्याचे अहवाल, ढिगाऱ्यांची मोजमापे सगळी कंपनीच्या कपाटात. बाहेरच्या माणसाने पुरावा आणायचा कुठून? अटी पाळल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी परवाना मागणाऱ्यावरच हवी. हमीची रक्कमही दर नूतनीकरणाला नव्याने ठरवावी. कंपनी उद्या बुडाली आणि काम त्रयस्थाकडून करून घ्यावे लागले, तर त्या दिवशी किती खर्च येईल, तेवढी.

एवढेच करा: सुनावणीच्या महिनाभर आधी हे सगळे कागद लोकांच्या भाषेत खुले करा आणि सुनावणीच्या दिवशी सभागृहात बसण्याआधी सर्वांना मातीच्या ढिगापाशी न्या. सोबत एक फावडे असू द्या.

आपला,
एक निवृत्त माती-तपासनीस