आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: तो रकाना कोरा ठेवायचा होता

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

आपल्या खात्याचं उत्तर परवा मिळालं. तीन महिने वाट पाहिली होती. चार ओळींच्या पत्रात कामाची ओळ एकच आहे: ‘कार्डावरील नोंदींनुसार बालिकेची वाढ समाधानकारक असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’

महोदय, माझ्या मुलीच्या लसीकरण कार्डावरच्या वजनाच्या त्या नोंदी खोट्या आहेत, हीच तर माझी तक्रार होती. आपल्या अधिकाऱ्यांनी त्याच नोंदी पाहून मला खोटं ठरवलं. पत्र वाचून मी मुलीला मांडीवर घेऊन किती वेळ बसून होते ते मला सांगता येणार नाही. हे पत्र उघड लिहिते आहे, कारण बंद पाकिटातल्या पत्राचं काय होतं ते मी पाहिलं.

माझी मुलगी जन्मली तेव्हा बरोबर तीन किलोची होती. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं आणि दहा-चौदा दिवसांत भरून येतं, एवढं मला प्रसूतीनंतर सांगितलं होतं. त्यानंतर पहिले तीन महिने बाळ दिवसाला साधारण वीस ते तीस ग्रॅमने वाढायला हवं, हे मात्र मला कुणी सांगितलं नाही. ते मी फार उशिरा, स्वतः वाचून शिकले.

सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात लसीसाठी आम्ही आरोग्य केंद्रात गेलो. कार्ड माझ्यासमोर आहे. चार किलो. साडेचार किलो. पाच किलो. दर चार आठवड्यांनी नेमका अर्धा किलो! कुठलंही बाळ असं पट्टीने आखल्यासारखं वाढत नाही. हे तपासणाऱ्याच्या लक्षात यायला हवं होतं, पण त्यासाठी कार्ड वाचावं लागतं.

पहिल्या वेळी वजन झालं ते झोळीच्या काट्यावर, झबलं, टोपी, दुपटं आणि ओल्या लंगोटासकट. रिकामा काटासुद्धा शून्याच्या पुढे उभा होता. तो काटा शंभर-शंभर ग्रॅमच्या रेघांचा. ज्या वयात आठवड्याची सगळी वाढच दीडशे-दोनशे ग्रॅम असते, तिथे एका दुपट्यात आठवड्याची वाढ लपते. तान्ह्या बाळाला उघडं करून, दहा ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोलायचं असतं. पुढच्या दोन्ही वेळी तर काटाच नव्हता. ‘मोडलाय, अंदाजे लिहिते,’ असं सिस्टर म्हणाल्या आणि मुलीकडे एकदा बघून आकडा टाकला. नवा डिजिटल काटा कपाटावर होता. त्यात घालायला सेल नव्हते. प्रत्येक केंद्रात डिजिटल काटा देण्याची आपली घोषणा त्याच कपाटाशेजारी भिंतीवर लावलेली होती.

मुलगी बाळसं धरत नव्हती. दूध पिताना तिच्या कपाळावर घाम यायचा. दोन मिनिटं ओढायची, दमायची, झोपायची, पुन्हा रडत उठायची. घरचे म्हणायचे, तुझं दूध पुरत नाही. मी रात्र रात्र रडले, स्वतःला दोष दिला, औषधं घेतली, वरचं दूध सुरू केलं. आणि शंका आली की कार्ड काढून बघायची. पाच किलो! म्हणजे सगळं ठीक आहे, माझंच मन घाबरट आहे. त्या कार्डाने माझे डोळे बांधले, महोदय. रकाना कोरा असता तर मी दुसऱ्या दिवशी दुसरीकडे धावले असते.

पंधराव्या आठवड्यात एका बालरोगतज्ज्ञाने तिला उघडं करून दोनदा तोललं. चार किलो दोनशे. म्हणजे जन्मापासून दिवसाला जेमतेम अकरा-बारा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली भारतासह सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार मुलांच्या मोजमापांवरून वाढीचे जे तक्ते काढले, त्यात माझ्या मुलीचा ठिपका सगळ्यात खालच्या रेषेवर टेकला होता. मग डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला. पुढच्या तपासणीत कळलं: हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र. श्वास घेण्यात आणि दूध ओढण्यातच तिची सगळी ताकद संपत होती, अंगी लागायला काही उरत नव्हतं. ‘सहाव्या आठवड्यात वजन नीट झालं असतं आणि दहाव्यात त्याच्याशी ताडून पाहिलं असतं, तर तेव्हाच शंका आली असती,’ असं ते म्हणाले. एक ठिपका काही सांगत नाही, दोन ठिपक्यांमधली रेघ सांगते. माझ्या मुलीची रेघ तुमच्या केंद्रात काढलीच गेली नाही.

मी त्या सिस्टरवर खटला भरायला निघालेली नाही. त्या सकाळी रांगेत पन्नास-साठ बाळं असतील. लस, नोंदवही, मोबाईलवरची माहिती, सगळं एकाच बाईकडे. तीन तासांत साठ बाळं म्हणजे एकाला तीन मिनिटं. बाळाचे कपडे काढायलाच तेवढी लागतात. पण रकाना कोरा राहिला तर तिला वरून फोन येतो. चुकीचा भरला तर येत नाही. ही शिस्त तिने नाही लावली, तुम्ही लावलीत. तुमच्या बैठकांमध्ये शंभर टक्के नोंदींचं कौतुक होतं. त्या शंभरांत माझ्या मुलीचे तीन खोटे आकडे आहेत, आणि आणखी किती घरांतले आहेत याचा शोध तुम्ही घेतलेला नाही. खालच्याने भरायचं, मधल्याने बेरीज करायची, वरच्याने भाषणात वाचायचं! आणि कुणी आई उठून म्हणाली की हे खरं नाही, तर तोच कागद तिच्या तोंडावर धरायचा. रस्ता असो, शाळा असो, दवाखाना असो, सगळीकडे माणसापेक्षा त्याचा कागद खरा. आम्ही कर भरतो, रांगेत उभे राहतो, सह्या करतो, आणि शेवटी आमच्या मांडीवरचं मूलसुद्धा आम्हाला कागदावरून ओळखायला सांगता?

मुलगी आता आठ महिन्यांची आहे. औषधांनी सहा किलो शंभरपर्यंत आली आहे. पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया आहे. एवढ्या लहान जिवाच्या औषधाचा प्रत्येक थेंब वजनावरून ठरतो. कुणी तुमच्या कार्डावर विसंबून डोस काढला असता तर काय झालं असतं, हा विचार मला झोपू देत नाही.

माझी मागणी मोठी नाही. काट्यांना सेल द्या. वजनाच्या दिवशी सिस्टरच्या हाताखाली एक माणूस द्या. काटा बंद असेल तर रकाना कोरा ठेवण्याची लेखी मुभा द्या, आणि आईला पुन्हा कधी यायचं ती तारीख द्या. माझी निकाली काढलेली तक्रार पुन्हा उघडा. आणि माझ्या मुलीच्या कार्डावरचे ते तीन आकडे आपल्या अधिकाऱ्याने स्वतःच्या हाताने खोडून, सही करून, तिथे लिहावं: वजन नीट केले नाही.

आपली,
त्या कार्डावरच्या मुलीची आई