गुडघ्याचं आधी सांगायचं होतंस

चिमे,

काल फोनवर जरा जास्तच बोललो, नंतर आईने मला झापलं. पण दोन महिने गुडघा दुखतोय, मॅचआधी गोळी घेऊन उतरतेस आणि आम्हाला कळतं ते तुझ्या रूममेटच्या आईकडून, मग डोकं सटकणार नाही तर काय. वर म्हणतेस कोच मॅडमना सांगितलं तर टीममधून काढतील. रात्रभर झोप नाही, म्हणून लिहितोय, फोनवर परत आवाज चढेल माझा.

लँग पिंग आठवते ना? लहानपणी तुला तिच्याच गोष्टी सांगायचो. चीनची व्हॉलीबॉल खेळाडू, सहा फूट उंच, लोखंडी हातोडा म्हणायचे तिला. १९८१ चा वर्ल्ड कप, १९८२ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप, १९८४ ला लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फायनलला अमेरिकेला त्यांच्याच घरी सरळ तीन सेटमध्ये हरवून गोल्ड. आणि तेव्हा सर्व्हिस आपली असेल तरच पॉइंट मिळायचा बरं का, तुमच्यासारखं प्रत्येक रॅलीला नाही, एकेका पॉइंटसाठी घाम निघायचा. पुढे अमेरिकेची कोच झाली आणि २००८ ला बीजिंगमध्येच चीनला ३-२ ने हरवलं, घरच्या लोकांसमोर! नंतर परत चीनची कोच.

हे सगळं तुला पाठ आहे, मीच करून घेतलंय. पण एक गोष्ट मी कधी सांगितली नाही, कारण मला ती आवडायची नाही. पंचविशी-सव्विशीतच तिचं खेळणं जवळपास संपलं. गुडघे गेले, ऑपरेशनं किती झाली त्याला गणती नाही, पुढे खुब्याचंही करावं लागलं. मी फक्त हातोडा सांगितला, गुडघे गाळले. दुखलं तरी रडायचं नाही हे पण मीच शिकवलं तुला, गावच्या ग्राउंडवर. माझा स्वतःचा घोटा तसाच खेळून गेलाय, अजून मांडी घालून जेवता येत नाही, आणि तुला सांगताना मात्र तोंड वर करून सांगायचो की फायनल सोडली नाही. कसली फायनल, पाच गावांची टूर्नामेंट होती ती.

तर कोच झाल्यावर तिने काय केलं बघ. बारा-चौदा पोरींवर न थांबता मोठा गट उभा केला, बाहेरून फिजिओ आणि ट्रेनर आणले, म्हणजे जिचं दुखतंय तिला बसवता येईल. २०१५ च्या वर्ल्ड कपआधी तर कॅप्टनच बसली, हुइ रुओची, तिच्या हृदयाचा त्रास निघाला. टीम तिच्याशिवाय गेली आणि कप जिंकून आली. त्या पोरीला काय वाटलं असेल तेव्हा, आपल्यावाचून काही अडत नाही असंच ना? तुला जी भीती वाटते तीच की. तिचं ऑपरेशन झालं, मग सावकाश परत आली.

आता रिओ ऑलिंपिक आठव. २०१६, रविवारची सकाळ, तू चौथीत होतीस, दात न घासता टीव्हीसमोर बसलेलीस आणि आई आतून ओरडत होती. गटातल्या पाचपैकी तीन मॅच हरलेली टीम, क्वार्टर फायनलला समोर ब्राझील, एकही सेट न हरलेलं, त्यात त्यांचंच घर, पहिला सेट पण गेलेला, तरी ३-२ ने काढली मॅच. फायनलला सर्बिया. चौथा सेट २४-२३, झांग चांगनिंगची सर्व्हिस, सर्बियाकडून रिसीव्ह नीट झालाच नाही, बॉल नेटवरून अलगद इकडेच आला आणि नेटला उभी कोण, तर हुइ. उडी मारून हाणला खाली, संपलं. तू सोफ्यावर उड्या मारल्यास आणि माझा चहा सांडला चादरीवर, तो डाग अजून आहे. लँग पिंग खेळाडू म्हणून पण चॅम्पियन आणि कोच म्हणून पण, व्हॉलीबॉलमध्ये ऑलिंपिकला असं आधी कुणीच केलं नव्हतं.

मला मात्र आता तो शेवटचा पॉइंट आठवला की वर्षभर आधी घरी बसलेली कॅप्टनच दिसते.

मॅडमशी मी बोलणार नाही, तू बोल. आजच बोल, गोळ्यांचं पण सांग. काढलं टीममधून तर काढलं. शुक्रवारी रात्रीच्या एसटीने निघतोय, शनिवारी सकाळी हॉस्टेलच्या गेटवर असेन, आधी डॉक्टरकडे जाऊ, एमआरआय करायला सांगितला तर लगेच करून घेऊ, पैशाचं बघतो मी. आईने मेथीचे लाडू केलेत, तू नाक मुरडणार ते माहितीये, तरी आणतोय. गोळ्यांची पाकिटं काढून ठेव, किती उरल्यात मोजणार आहे.

तुझे पप्पा