चेंबरला इपॉक्सी थापण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिवाजी उद्यमनगरात पस्तीस वर्षं लेथवर काढलेला मी टर्नर. मोटरसायकलचे धातूचे भाग चिकटवण्यात जो हलगर्जीपणा चालतो, त्याबद्दल लिहितो आहे.

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याच्या गाडीचा चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचा तेल राहणारा अ‍ॅल्युमिनियमचा भाग, दगडावर आपटून तडकला. मेकॅनिकनं पेट्रोलच्या फडक्यानं पुसून वर साधा इपॉक्सी, म्हणजे दोन ट्यूबा मिसळून लावायचा गोंद, थापला आणि तासाभरात गाडी हातात दिली. गगनबावड्याच्या घाटात तेल गळायला लागलं, मागचं टायर माखलं. पोरगं पडलं नाही हे नशीब. घरी आणून नख लावलं, तर तो थर अख्ख्या पापुद्र्यासारखा सुटून आला. आतून तेलकट, चकचकीत. अ‍ॅल्युमिनियमला तो धरलाच नव्हता.

धरणार कसा? पेट्रोलनं पुसलं तरी तेलाचा पातळ थर मागे राहतो. तिथं अ‍ॅसिटोन लागतं, मग रफ पॉलिश पेपर, मग पुन्हा अ‍ॅसिटोन. घासल्यावर लगेच लावायचं, कारण अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढायला वेळ लागत नाही. आणि साध्या संथ इपॉक्सीला पूर्ण ताकद यायला चोवीस तास द्यावेच लागतात. शिवाय उन्हातान्हात घाट चढताना इंजिनाचं तेल शंभर अंशांच्या आसपास जातं, तेव्हा साधा इपॉक्सी मऊ पडतो. उष्णतेला टिकणारा, धातूची भुकटी मिसळलेला इपॉक्सी मिळतो, पण चेंबरला मी तोही गावापर्यंत पोचण्यापुरताच मानतो. नंतर आर्गन वेल्डिंग करून घ्यावं.

दुकानात ‘लोखंड चिकटवायचं द्या’ म्हटलं की हाताला येईल ती ट्यूब मिळते. झटपट चिकटणारा थेंब कडक होतो, पण ठिसूळ. इंजिनाच्या थरथरीत तडकतो. नटबोल्टला लावायचं लॉकटाइट हवा बंद झाल्यावर धातूच्या स्पर्शानं घट्ट होतं. त्यातलं निळं पान्यानं सुटतं. लाल सोडवायला बोल्ट अडीचशे अंशांपर्यंत तापवावा लागतो. कार्ब्युरेटरच्या बारक्या स्क्रूला कुणी लाल लावलं, तर पुढच्या मिस्त्रीनं काय करायचं? बेअरिंग हाउसिंगमध्ये, म्हणजे त्याच्या बसायच्या खाचेत, किंचित सैल झालं तर त्यासाठीही वेगळं रिटेनिंग कंपाउंड येतं. आपल्याकडं अजून हाउसिंगला पंचानं खड्डे मारून जागा घट्ट करतात आणि बेअरिंग ठोकतात, ते पाहून माझा जीव तुटतो. जास्त सैल असेल तर लेथवर बुश, म्हणजे आतून धातूची कडी, घालून घ्या, दुसरा इलाज नाही.

चिकटवणं म्हणजे कच्चं काम, असं मी म्हणत नाही. तुमच्या गाडीच्या ब्रेक शूवरचं लायनर बहुधा चिकटवलेलंच असतं. पण ते कारखान्यात उष्णता आणि दाब देऊन, रुंद जागेवर पक्कं केलेलं असतं. तुटलेल्या ब्रेक लिव्हरची किंवा फुटरेस्टची दोन टोकं बोटभर जागेत जोडून तेवढी ताकद येणार नाही. हे भाग नवेच घ्या, हात जोडून सांगतो.

दुकानदारांनी ट्यूब देण्याआधी विचारावं: जागा किती तापते, तेल लागतं का, पुन्हा उघडायचं आहे का? मेकॅनिकनी गाडी रात्रभर ठेवून घ्यावी आणि गिऱ्हाइकांनीही ‘आत्ताच द्या’ म्हणून मागे लागू नये. आयटीआयच्या पोरांना वेल्डिंगसारखंच हेही हातानं करायला शिकवावं.

तो पापुद्रा मी डबीत ठेवलाय. शेजारच्या गॅरेजात नवा पोरगा लागला की आधी तो त्याच्या हातात देतो.

– एक निवृत्त टर्नर, कोल्हापूर